मेश वायफायचा बॅकहॉल वायरने करायचाय, केबल कुठून कुठपर्यंत टाकू?

दुसरा_मजला:
नमस्कार मंडळी. घर तीन मजली आहे, उभं आणि अरुंद. फायबर तळमजल्यावर येतो, तिथेच मेशचं (अनेक युनिटं मिळून एकच वायफाय) मुख्य युनिट. दुसरं युनिट मधल्या मजल्यावर जिन्यापाशी, तिसरं अगदी वर, जिथे मी दिवसभर काम करतो. प्लॅन ५०० एमबीपीएसचा. मुख्य युनिटशेजारी फोनवर जवळजवळ पूर्ण स्पीड मिळतो, मधल्या मजल्यावर दोनशेच्या आसपास आणि वर पोचेपर्यंत साठ-सत्तर, तोही एकसारखा नाही. व्हिडिओ कॉल मध्येच गोठतो आणि मग अडकलेलं सगळं एकदम धावत येतं. मेशच्या अ‍ॅपमध्ये मात्र तिन्ही युनिटं हिरवी, फोनवर सिग्नलच्या पूर्ण दांड्या.

आता घराला रंग काढायचाय, त्यामुळे भिंतीत जे करायचं ते आत्ताच, नंतर घरातले कोणी हात लावू देणार नाहीत. तिन्ही युनिटांना वायर लागेल का, की फक्त वरच्याला दिली तरी भागेल? केबल कोणती घ्यायची? आणि वायर टाकल्यावर ते मेशच राहतं ना, म्हणजे फोन घेऊन वर-खाली केलं की आपोआप युनिट बदलतं ना? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शून्य_पिंग:
टाका. रंगाच्या आधी टाका. बाकी सगळं नंतर ठरवता येईल, भिंत परत उघडता येणार नाही.

तारजोड:
आधी ते हिरव्या अ‍ॅपचं. पूर्ण दांड्या म्हणजे फोन आणि वरचं युनिट यांच्यातला सिग्नल, तो चांगलाच असणार, युनिट त्याच खोलीत आहे. अडचण वरचं युनिट ते मधलं आणि मधलं ते खालचं या दोन टप्प्यांत आहे. बॅकहॉल म्हणतात तो हाच. तुमचं मेश ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोनच रेडिओ) असेल तर फोनशी बोलायचं आणि पलीकडच्या युनिटशी बोलायचं ही दोन्ही कामं ५ गिगाहर्ट्झचा एकच रेडिओ एकाच चॅनेलवर करतो. दार एकच, आत येणारा आणि बाहेर जाणारा दोघेही त्यातूनच. एक पॅकेट खालून घ्यायचं, मग तेच वर पाठवायचं, आणि घेत असताना पाठवता येत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो, त्यात स्लॅबने सिग्नल खाल्ला की निम्म्याच्याही खाली. ५००, २००, ६० हे तुमचे आकडे बघा, हिशोब जुळतोय.

आणि वेगापेक्षा उशीर जास्त छळतो. हवेत आधीच कोणी बोलत असेल तर रेडिओ थांबतो, पॅकेट हरवलं तर परत पाठवतो, आणि हे सगळं दोन टप्प्यांवर दोनदा. फाइल उतरवताना ते जाणवत नाही, कॉलमध्ये लगेच जाणवतं. केबल टाकली की हा सगळा भार हवेतून निघून जातो आणि रेडिओ फक्त तुमच्या फोन-लॅपटॉपसाठी मोकळा राहतो.

मोगरा_अंगणी:
मला एवढ्या तोडफोडीची गरज वाटत नाही. ट्राय बँड, म्हणजे तीन रेडिओंचं मेश घेतलं तर बहुतेकदा एक रेडिओ फक्त बॅकहॉललाच राखून ठेवता येतो, निम्म्याचा हिशोब तिथे लागू होत नाही. वायफाय ७ मध्ये तर एकाच वेळी दोन-तीन बँड जोडून बॅकहॉल होतो. आमच्याकडे ट्राय बँड आहे, भाड्याचं घर असल्यामुळे भिंतीला हात लावता येत नाही, आणि मधलं युनिट कपाटाच्या आतून काढून जिन्याच्या मोकळ्या जागेत ठेवल्यावर दुसऱ्या टोकाला व्यवस्थित स्पीड यायला लागला. आधी जागा बदलून बघा, मग ड्रिल हातात घ्या.

तारजोड:
@मोगरा_अंगणी, जागेचं बरोबर आहे आणि भाड्याच्या घरात तोच मार्ग. पण यांचं घर उभं आहे, मध्ये सळया घातलेले काँक्रीटचे दोन स्लॅब. बँड जितका वरचा तितकं भिंतीतून कमी जातं. २.४ गिगाहर्ट्झ स्लॅबमधून निदान घुसतो, ५ बराचसा मरतो, ६ तर त्याहून लवकर. वायफाय ७ ची मजा ६ गिगाहर्ट्झच्या रुंद चॅनेलमध्ये आहे, आणि नेमका तोच दोन स्लॅबपलीकडे पोचत नाही. मग बॅकहॉल ५ वर उतरतो आणि पैसे घातलेत ज्याच्यासाठी ते वापरलंच जात नाही. एका मजल्यावर पसरलेलं घर असतं, मध्ये हलक्या भिंती असत्या, तर मीही ट्राय बँडच सुचवलं असतं.

मोगरा_अंगणी:
हो, दोन स्लॅबचं मान्य. एका मजल्यासाठी माझं मत कायम.

निळी_वायर:
केबलबद्दल लिहितो कारण इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात.

गिगाबिटला (१००० एमबीपीएस) कॅट ५ई प्रतीची केबल पुरते, १०० मीटरपर्यंत. गिगाबिट इथरनेटचं १९९९ चं स्टँडर्ड मुळात तसल्या केबलसाठीच लिहिलंय. २.५ गिगाबिटही कॅट ५ई वर १०० मीटर चालतं, २०१६ मध्ये ते स्टँडर्ड आलं तेच जुन्या केबली बदलाव्या लागू नयेत म्हणून. १० गिगाबिट हवं असेल तर कॅट ६ साधारण ५५ मीटरपर्यंत आणि कॅट ६ए पूर्ण १००. घरात कुठलीच ओढ ५५ मीटरची नसते, म्हणून भिंतीत नवीन टाकताना कॅट ६ घ्या आणि विषय मिटवा. ६ए जाड आणि ताठ असते, छोट्या पाइपच्या वळणात फार छळते. कॅट ७, कॅट ८ लिहिलेल्या चपट्या चकचकीत केबलींच्या नादी भिंतीसाठी लागू नका.

आता महत्त्वाचं. केबल शुद्ध तांब्याची आहे का ते बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास मिळते, वर कॅट ६ छापलेलंही असतं. टोकाला एक तार ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी दिसली की परत करा. बॉक्स उचलूनही कळतं, तांब्याचा बॉक्स चांगलाच जड लागतो. मुलामावाल्या केबलचा रोध जास्त, ती वळवताना तुटते, आणि तिच्यावरून पीओई (लॅन केबलमधूनच उपकरणाला वीज) दिलं तर ती तापते. आज चालेल, दोन वर्षांनी भिंतीच्या आत कुठेतरी एक जोडी जाईल, आणि तेव्हा रंग झालेला असेल.

भिंतीत सॉलिड (एकसंध) तारेचीच घ्या, स्ट्रँडेड (बारीक तारांच्या जुडीची) फक्त पॅच कॉर्डला, म्हणजे बाहेरच्या छोट्या जोडकेबलला. शील्डवाली नको, तिचं अर्थिंग दोन्ही बाजूंच्या जॅकपासून नीट करायला लागतं, नाहीतर तिचा उपयोग नाही. घराला साधी बिनशील्डची यूटीपी उत्तम.

शून्य_पिंग:
+१ खरवडून बघण्याला. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

जुना_अँटेना:
भिंत फोडायच्या आधी भिंतीत काय काय आहे ते बघा. टीव्हीची को-अ‍ॅक्स केबल खोल्याखोल्यांत गेलेली असेल आणि आता वापरात नसेल तर मोका अडॅप्टर लावून तिच्यावरूनच इथरनेट नेता येतं. मोका २.५ ला २.५ गिगाबिटपर्यंत मिळतं आणि उशीरही थोडाच, वायफायच्या मानाने तर काहीच नाही. दोन गोष्टी मात्र बघाव्या लागतात. मधले जुने स्प्लिटर त्या फ्रिक्वेन्सीला चालणारे हवेत, नसतील तर बदलायचे. आणि केबल घराबाहेरच्या लाइनला अजून जोडलेली असेल तर प्रवेशाच्या जागी फिल्टर लावायचा, नाहीतर तुमचा सिग्नल बाहेर जातो. सॅटेलाइट डिशची केबल त्याच तारेवर असेल तर मोका विसरा, दोघांच्या फ्रिक्वेन्सी एकमेकांवर येतात.

वीजवायरीवरून नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर पण असतात. खोक्यावर १००० किंवा २००० लिहिलेलं असतं, हातात त्याचा लहानसा भागच येतो. दोन्ही प्लग एकाच फेजवर हवेत, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये हवेत, सर्ज प्रोटेक्टर किंवा यूपीएस मध्ये आला की संपलं. आमच्याकडे मिक्सर लावला की कॉल तुटायचा. दुसरा काहीच उपाय नसेल तरच त्या वाटेला जा.

दुसरा_मजला:
धन्यवाद सगळ्यांना, एवढ्या लवकर एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. @जुना_अँटेना, को-अ‍ॅक्स नाही, पण जुन्या टेलिफोनचा पाइप तळमजल्यापासून वरपर्यंत गेलाय, आत दोन जोड्यांची फोनवायर आहे. तिच्यावर काही होईल का? इलेक्ट्रिशियन म्हणतो लाइटच्या पाइपमध्ये भरपूर जागा आहे, लॅन केबल त्यातूनच ओढतो.

निळी_वायर:
लाइटच्या पाइपातून अजिबात नको. इलेक्ट्रिशियनला स्पष्ट नाही म्हणा. पहिलं कारण सुरक्षेचं, वीजवायरचं इन्सुलेशन कुठे सोललं गेलं तर पूर्ण व्होल्टेज लॅन केबलवर आणि तिथून तुमच्या युनिटांवर. दुसरं कारण गोंगाटाचं. समांतर जायचंच असेल तर दोन्हींत वीतभर तरी अंतर ठेवा, आणि एकमेकांना ओलांडायचं तिथे काटकोनात ओलांडा.

फोनच्या पाइपाची मात्र लॉटरी लागलीय तुम्हाला. दोन जोड्यांच्या वायरवर गिगाबिट होत नाही, त्याला चारही जोड्या लागतात. पण ती वायरच तुमची ओढदोरी. वरच्या टोकाला नवीन केबल तिला बांधा, खालून ओढा.

तारजोड:
बांधताना गाठ मारू नका, गाठ वळणात अडकते. केबलचं बाहेरचं आवरण थोडं सोला, आतल्या जोड्या एकाच जागी न कापता मागेपुढे कापा म्हणजे टोक निमुळतं होतं, जुन्या वायरीशी पीळ द्या आणि वरून टेप घट्ट गुंडाळा. एकाने वरून केबल आत सारायची, दुसऱ्याने खालून ओढायची, दोघांनी फोनवर बोलत राहायचं. अडकलं तर झटका देऊ नका, थोडं मागे घेऊन परत सारा. जोरात ओढल्याने आतल्या जोड्यांचा पीळ ताणला जातो, आणि केबलचं सगळं काम त्या पिळावरच चालतं. वळणही तीव्र नको, केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्या तरी राहू द्या. आणि एक ओढताय तिथे दोन ओढा. श्रम तेच आहेत.

शून्य_पिंग:
दोन केबल + एक नायलॉनची दोरी. दोरी आतच राहू द्या.

अधांतरी:
मी जरा उलटं विचारतो. सगळ्या मजल्यांवर केबल जाणारच असेल तर मेश कशाला हवंय? मेशचा शोधच केबल नसलेल्यांसाठी आहे. केबल आली की साधे अ‍ॅक्सेस पॉइंट लावा, केबलमधून नेट घेऊन वायफाय देणारे डबे, छतावर बसणारे, पीओईवर चालणारे. एकाच केबलमधून नेट आणि वीज दोन्ही, म्हणजे वर प्लग शोधायला नको, अडॅप्टर लोंबकळायला नको. पीओईचं साधं स्टँडर्ड १५.४ वॉट देतं, त्याच्या पुढचं ३० वॉट, तेवढ्यात बहुतेक अ‍ॅक्सेस पॉइंट आरामात चालतात. स्विचला (सगळ्या केबली एकत्र जोडणारा डबा) यूपीएस दिला की लाइट गेली तरी अख्ख्या घराचं वायफाय चालू. आणि चॅनेल, पॉवर सगळं आपल्या हातात. घरगुती मेशच्या अ‍ॅपमध्ये बटणं दोन, त्यातलं एक रीस्टार्टचं.

मोगरा_अंगणी:
ते बटण खरंच आहे 😄 पण ज्यांच्याकडे मेशची तीन युनिटं आधीच आहेत त्यांनी ती टाकून द्यायची का? माझ्या आईबाबांच्या घरी मी हे सगळं सांभाळणारा कंट्रोलर वगैरे लावून आले तर काही बिघडल्यावर ते कोणाला विचारणार? अ‍ॅप सोपं असणं हाही गुण आहे.

अधांतरी:
टाकून द्या असं म्हणत नाही. केबल अशी टाका की उद्या अ‍ॅक्सेस पॉइंट लावायचे झाले तर त्याच केबलवर लागतील, म्हणजे एक टोक छताजवळ काढा. मेश आज, अ‍ॅक्सेस पॉइंट जेव्हा युनिटं म्हातारी होतील तेव्हा. केबल त्या दोघांपेक्षा जास्त जगेल.

तारजोड:
यात एक बारकावा आहे. वायरलेस बॅकहॉल असताना सगळी युनिटं ५ गिगाहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर असावी लागतात, नाहीतर एकमेकांशी बोलणार कशी. केबल आली की ते बंधन उरत नाही, प्रत्येकाला वेगळा चॅनेल देता येतो, म्हणजे तळमजल्यावर कोणी सिनेमा बघत असेल तर वरच्याला त्याची वाट बघावी लागत नाही. अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये हे तुम्ही ठरवता. घरगुती मेशपैकी काही केबल जोडल्यावरही हट्टाने एकाच चॅनेलवर राहतात. तरीसुद्धा वायरलेसपेक्षा कितीतरी बरं, कारण बॅकहॉलचा सगळा भार हवेतून गेलेला असतो.

खडूफळा:
इथे सगळे केबल कोणती आणि कशी यावर बोलतायत पण धागाकर्त्याने शीर्षकातच विचारलंय कुठून कुठपर्यंत, त्याचं उत्तर कोणी दिलं नाही. माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे.

आज तुमची युनिटं जिथे आहेत तिथे ती का आहेत? मधलं युनिट जिन्यापाशी आहे कारण तिथून त्याला खालच्याचा सिग्नल मिळतो. वायरलेस बॅकहॉलमध्ये युनिटची जागा युनिटाच्या सोयीने ठरते, दोघांच्या मध्ये, अर्ध्या वाटेवर. केबल आली की ही अट संपते, मग युनिट माणसं बसतात तिथे ठेवायचं. म्हणून आजच्या जागांपर्यंत केबल ओढू नका. जिन्यापाशी कोणी बसत नाही. मधल्या मजल्यावर झोपायच्या खोल्या पुढच्या बाजूला असतील तर टोक तिकडे काढा. आणि तिन्ही युनिटं एकाखाली एक एकाच रेषेत असतील तर तीही जागा चुकीची, स्लॅबमधून वरच्या-खालच्या युनिटांचा सिग्नल थोडा थोडा पोचतो आणि फोनला कळत नाही कोणाला धरायचं.

ते फोनने युनिट बदलण्याचं पण सांगतो. कोणत्या युनिटला जोडायचं हा निर्णय फोन घेतो, मेश नाही. मेश फक्त सुचवू शकतं, वायफायची ८०२.११के आणि व्ही ही स्टँडर्ड त्यासाठीच आहेत, ८०२.११आर मुळे बदल पटकन होतो. केबलमुळे यात काहीही बदलत नाही, नाव-पासवर्ड तेच, नेटवर्क तेच, फोन वर-खाली तसाच उडी मारतो. पण युनिटं फार जवळ किंवा फार मोठ्या आवाजात बोलणारी असतील तर फोन जुन्यालाच चिकटून बसतो. केबल झाल्यावर सेटिंगमध्ये पॉवर कमी करायची सोय असेल तर मधल्याची करून बघा.

दुसरा_मजला:
@खडूफळा, हे डोक्यातच आलं नव्हतं. मधल्या मजल्यावर मुलींची खोली आणि टीव्ही दोन्ही पुढे आहेत, जिना मागे. म्हणजे फोनच्या पाइपपासून पुढे एक आडवी ओढ लागेल, पण ती खोट्या छताच्या वरून जाते, भिंत फोडावी लागणार नाही. वरच्या खोलीत मात्र टेबलाच्या मागेच टोक काढतो, लॅपटॉपला थेट केबल पण लावता येईल.

तारजोड:
लॅपटॉप, टीव्ही, गेम कन्सोल, जे जे जागचं हलत नाही ते सगळं केबलवर. बहुतेक युनिटांना मागे दोन पोर्ट असतात, एकात खालून आलेली केबल, दुसऱ्यातून टीव्हीला. आधी युनिटाला पोर्ट आहे की नाही ते मात्र बघा, काही मेशच्या उपयुनिटांना इथरनेट पोर्टच नसतो. गूगलच्या नेस्ट वायफायचा २०१९ मधला पॉइंट तसाच होता.

उंबरठा:
वाचनखूण साठवली. अवांतर: आमच्या घरामागे वेगळी खोली आहे, अंगण ओलांडून. तिथे पण कॅट ६ च न्यावी का? बाहेरून जाणारी काळी केबल मिळते ती आणून ठेवलीय.

निळी_वायर:
वेगळी इमारत असेल तर तांबं नको, फायबर न्या. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असू शकतो, आणि जवळपास वीज पडली तर लांब तांब्याच्या तारेत जो झटका उठतो तो दोन्ही टोकांची उपकरणं घेऊन जातो. फायबर काचेचा, त्यातून वीज वाहतच नाही. आत पोलादी तार नसलेला फायबर घ्या, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरचं इथरनेट करणारा डबा) किंवा एसएफपीवाला, म्हणजे फायबर लावायची खाच असलेला स्विच. तयार टोकं लावलेला मिळतो, जोडणीचं मशीन लागत नाही.

उंबरठा:
बरं झालं विचारलं. काळी केबल परत करतो.

खडूफळा:
जोडणीचा क्रम पण लिहून ठेवतो, इथे बरेच अडकतात. ओएनटी (फायबर येतो तो कंपनीचा डबा), मग मेशचं मुख्य युनिट, मग स्विच, मग बाकीची युनिटं. मुख्य युनिट राउटरचं काम करत असेल तर बाकी सगळं त्याच्या मागेच यायला हवं. ओएनटीलाच चार पोर्ट आहेत म्हणून उपयुनिट थेट तिथे खोचलं तर ते मुख्य युनिटाच्या नेटवर्कबाहेर जातं आणि अ‍ॅपमध्ये ऑफलाइन दिसतं. कंपनीने दिलेला डबा स्वतःच राउटर असेल तर दोघांपैकी एकाने राउटर राहायचं, डबा ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम बंद करून) टाका किंवा मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये. दोघंही राउटर राहिले तर डबल नॅट होतं, म्हणजे पत्ते दोनदा बदलले जातात, साधं ब्राउझिंग चालतं पण गेमिंग आणि घरातल्या कॅमेऱ्याला बाहेरून बघणं अडतं.

जुना_अँटेना:
आणि लूप! आमच्याकडे स्विचला लावलेल्या केबलचं मोकळं टोक कोणीतरी नीटनेटकं दिसावं म्हणून त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टात खोचलं. अख्ख्या घराचं नेट बंद. स्विचचे सगळे दिवे एकाच तालात, न थांबता फडफडत होते, ते बघूनच कळलं. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते, ब्रॉडकास्ट एकदा फिरायला लागलं की फिरतच राहतं आणि वाढत जातं.

तारजोड:
मेशमध्ये तसलाच लूप केबल आणि हवा मिळूनही होऊ शकतो. युनिट केबलनेही जोडलेलं आणि वायरलेस बॅकहॉलही चालू. चांगली मेश हे ओळखतात आणि केबल दिसली की हवेतला दुवा सोडतात. बऱ्याच मेश यासाठी १९०५.१ नावाच्या प्रोटोकॉलचे निरोप वापरतात, ईझीमेश तर त्यावरच उभं आहे. काही मॅनेज्ड (सेटिंग करता येणारे) स्विच ते निरोप पुढे जाऊ देत नाहीत, मग युनिटला कळतच नाही की आपण केबलवर आहोत. म्हणून मधला स्विच साधा अनमॅनेज्ड गिगाबिट घ्या. आणि प्रत्येक युनिट केबलवर आल्यावर अ‍ॅपमध्ये बॅकहॉलपुढे "वायर्ड" किंवा "इथरनेट" लिहून येतंय का ते बघा, नुसतं हिरवं बघून खूश होऊ नका.

दुसरा_मजला:
अपडेट. केबली ओढून झाल्या, जुन्या फोनवायरीने छान साथ दिली. दोन-दोन टाकल्या, दोरीपण सोडली. रंग अजून व्हायचाय. मधल्या मजल्यावर सगळं नीट, अ‍ॅपमध्ये "इथरनेट" येतंय. वरच्या टोकाला मात्र लॅपटॉप थेट लावला तर लिंक १०० एमबीपीएसच दाखवतोय. केबल तीच, एकाच बॉक्सातली. पाइपात कुठे तुटली असेल का?

निळी_वायर:
तुटली असेल अशी भीती एवढ्यात नको. १०० ला दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही. म्हणजे १०० वर अडकलंय याचा अर्थ निळी नाहीतर तपकिरी जोडी पोचत नाहीये, आणि दहातल्या नऊ वेळा ते टोकातच असतं. लॅपटॉपकडचं टोक उजेडात धरून प्लग समोरून बघा, आठही तांब्याचे ठिपके प्लॅस्टिकच्या पार टोकाला टेकलेले दिसायला हवेत. क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच.

दुसरा_मजला:
सापडलं! इलेक्ट्रिशियनने लावलेल्या प्लगमध्ये पांढरी-तपकिरी तार इतरांपेक्षा आखूड राहिलीय, पिनच्या पात्याखाली पोचलेलीच नाही. शिवाय केबलचं आवरण प्लगच्या आत दाबलं गेलेलं नाही, नुसत्या आठ तारांवर प्लग लोंबतोय. कापून परत लावू का?

तारजोड:
प्लग लावूच नका. भिंतीतल्या सॉलिड केबलला कीस्टोन जॅक (भिंतीत बसणारं लॅनचं सॉकेट) लावा, फेसप्लेटमध्ये बसवा, आणि जॅकपासून युनिटपर्यंत तयार पॅच कॉर्ड. जॅकवर रंग छापलेले असतात, त्यातली बी ची रांग बघायची, वर सांगितलेला क्रम तोच. जोड्यांचा पीळ जॅकच्या अगदी जवळपर्यंत ठेवा, सेंटीमीटरभरापेक्षा जास्त उकलू नका. रोज काढघाल होणार ती पॅच कॉर्डची, भिंतीतली केबल हलत नाही.

आणि रंगवाल्याला बोलवायच्या आधी चारही केबली तपासा, जास्तीच्या दोन्हीसुद्धा. साध्या टेस्टरने जोड्या कळतात, पण लिंक १००० दाखवते का आणि दोन टोकांना दोन लॅपटॉप लावून आयपर्फ ३ (दोन कॉम्प्युटरांमधला वेग मोजणारा प्रोग्राम) चालवल्यावर ९४० च्या आसपास येतं का हे बघितलं की शंका उरत नाही. इंटरनेटची स्पीड टेस्ट इथे कामाची नाही, तुमचा प्लॅनच ५०० चा आहे.

दुसरा_मजला:
जॅक लावले. चारही केबलींवर १०००, आयपर्फमध्ये ९३८ ते ९४१. वरच्या खोलीत वायफायवर आता फोनला चारशेच्या पुढे मिळतंय, लॅपटॉप केबलवर असल्यामुळे प्लॅन पूर्ण. त्याहून मोठं म्हणजे आज दोन लांब कॉल झाले, एकदाही गोठले नाहीत, खाली टीव्ही चालू असताना. मधलं युनिट पुढच्या खोलीत नेलं, पॉवर "मध्यम" केली. जिना चढताना फोन वरच्याला लगेच पकडतो.

एकच विचारायचं राहिलं, वरच्या युनिटाला खालून वेगळी केबल दिलीय, मधल्यातून पुढे नेली असती तर चाललं असतं का?

खडूफळा:
चाललं असतं. केबलवर साखळी केली तरी वायरलेससारखा वेग निम्मा होत नाही. पण मधलं युनिट बंद पडलं की वरचंही गेलं असतं, आणि दोन्ही मजल्यांचा भार एकाच गिगाबिटवर आला असता. पाइप मोकळा होता तर वेगळी टाकलीत ते उत्तम.

अधांतरी:
मधल्या मजल्याचं टोक छताजवळ काढलंत का?

दुसरा_मजला:
हो, जास्तीची केबल खोट्या छतातच गुंडाळून ठेवलीय, टोकाला जॅक लावून आणि मजल्याचं नाव लिहून.

मोगरा_अंगणी:
अभिनंदन! आता माझ्यासारख्यांसाठी एक विचारते. भाड्याचं घर, ड्रिल नाही. हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत स्कर्टिंगच्या कडेने केबल नेली तर चालेल ना? मध्ये दोन दारं आहेत. चपट्या केबली मिळतात त्या दाराखालून जातात असं वाचलं.

निळी_वायर:
चालेल. चपटी केबल भिंतीत नको म्हणालो ते कायमच्या कामासाठी, दहा-पंधरा मीटर उघड्यावर न्यायला ती ठीक आहे, तांब्याची बघून घ्या आणि तारा फार बारीक नकोत. दार बंद करताना केबल चिमटत नाही ना ते बघा, बिजागराच्या बाजूने न्या, तिथे दार कमी सरकतं आणि केबल कमी घासते. स्कर्टिंगला खिळ्याच्या क्लिपा मारू नका, चिकटणाऱ्या लावा, घर सोडताना हेअर ड्रायरने गरम करून सावकाश सोलल्या तर बहुतेक रंगावर डाग राहत नाही. टाकायच्या आधी दोन्ही टोकांना लिंक १००० येते ना ते जमिनीवरच पसरून बघा.

मोगरा_अंगणी:
बिजागराच्या बाजूने, हे लक्षात ठेवते. या शनिवारी टाकते आणि आकडे इथेच देते.